‘द थ्रिल इज गॉन’ कसं ऐकावं: स्टुडिओतलं आणि मंचावरचं

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकायची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, की मी गायक-गिटारवादक बी. बी. किंगचं ‘द थ्रिल इज गॉन’ सांगतो. एक तर गाण्याचा सांगाडा साधा आहे, एका संध्याकाळी लक्षात येतो. शिवाय १९६९ साली स्टुडिओत हे गाणं रेकॉर्ड केल्यावर पुढची चाळीस वर्षं किंग ते मंचावर गात राहिला. तुरुंगात गायला, जपानमध्ये गायला, आफ्रिकेत गायला, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी खुर्चीत बसूनही गायला. माणूस एक, गाणं एक, गिटारही बहुतेक एकाच जातीची. बदलतात ती वर्षं, श्रोते आणि साथीदार. ब्लूजमध्ये काय पक्कं असतं आणि काय मोकळं सोडलेलं असतं, हे समजायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. घाई नको. एका पायरीला एक संध्याकाळ दिली तरी चालेल.

पायरी १: आधी बरोबर रेकॉर्ड शोधा

इथेच बहुतेक नवखे अडखळतात. नाव टाकून शोधलं की ढीगभर निकाल येतात आणि त्यातले सगळे या गाण्याचे नसतात. चेट बेकर या जॅझ गायक-ट्रम्पेटवादकाचं याच नावाचं गाणं आहे. ते १९३१ सालचं, लू ब्राऊन आणि रे हेंडरसन यांचं. सुंदर आहे, पण त्याचा आपल्या गाण्याशी काही संबंध नाही. किंगने १९९७ च्या ‘ड्यूसेस वाइल्ड’ या अल्बमसाठी ट्रेसी चॅपमनबरोबर केलेलं युगुलगीतही समोर येईल. ते नंतरसाठी ठेवा.

आपल्याला हवं आहे ते ‘कम्प्लीटली वेल’ या अल्बममधलं, साधारण साडेपाच मिनिटांचं. लांबी नक्की तपासा. रेडिओ आणि छोट्या तबकडीसाठी याचीच कापलेली आवृत्ती निघाली होती, ती चार मिनिटांच्या आत संपते. अनेक संग्रहांमध्ये तीच घातलेली असते. त्या कापाकापीत नेमका शेवटचा भाग जातो आणि माझ्या मते गाण्याचा जीव त्या शेवटात आहे. म्हणून चार मिनिटांत गाणं विरून गेलं, तर तुम्ही चुकीची फाइल लावली आहे असं समजा.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकू आला नाही तर पुढच्या अर्ध्या सूचना निरुपयोगी आहेत. महागडी यंत्रणा लागत नाही, साधे हेडफोन पुरतात.

पायरी २: काहीही न शोधता एकदा पूर्ण ऐका

पहिल्यांदा ऐकताना वही-पेन्सिल नको. गाणं गिटारने सुरू होतं. गायक तोंड उघडण्याआधी गिटार एक संपूर्ण फेरी बोलून घेते. मग आवाज येतो. आशय थोडक्यात असा: आपल्यातली ओढ संपली आहे, तू माझ्याशी वाईट वागलीस, मी एकटा पडेन पण जगेन. आणि शेवटी तो म्हणतो की मी आता तुझ्या मोहिनीतून सुटलो आहे, तुझं भलं होवो. रडगाण्याच्या शेवटी शुभेच्छा. त्या ओळीपर्यंत येईतो आवाजातला राग कसा निवत जातो, एवढंच पहिल्या वेळी टिपलं तरी खूप झालं.

पायरी ३: बारा बार मोजा

आता मोजायचं. ब्लूजचा सर्वांत प्रचलित साचा बारा बारांचा असतो. एक बार म्हणजे इथे चार मात्रा. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. हे आवर्तन गाणंभर फिरत राहतं, गायन असो वा वादन. या रेकॉर्डची लय मिनिटाला नव्वद मात्रांच्या आसपास आहे, म्हणजे एक फेरी अर्ध्या मिनिटाहून जराशी मोठी.

टाळी देत मोजा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला बारचा क्रमांक म्हणायचा. बारा झाले की पुन्हा एक. शास्त्रीय संगीत ऐकण्याची सवय असेल तर सम सापडायला जड जाणार नाही; बास आणि ड्रम दोघेही ती जागा स्वच्छ दाखवतात.

फेरीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, अशा येतात. पहिले चार बार बी मायनर सेव्हन. पाचवा-सहावा ई मायनर सेव्हन. सातवा-आठवा पुन्हा बी मायनर सेव्हन. नववा जी मेजर सेव्हन, दहावा एफ शार्प सेव्हन, आणि अकरावा-बारावा पुन्हा घरी, बी मायनर सेव्हनवर.

पेटीवर हात फिरवणाऱ्यांसाठी हेच आपल्या भाषेत सांगतो, कारण असं पाहिलं की चित्र फार लवकर स्पष्ट होतं. पांढरी सात हा षड्ज धरा. पहिली कॉर्ड षड्जावरची, कोमल गंधार आणि कोमल निषाद घेतलेली. दुसरी मध्यमावरची. नवव्या बारला कोमल धैवतावरची मोठी, उजळ कॉर्ड येते आणि दहाव्याला पंचमावरची. या पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद आहे. गाणंभर कोमल निषाद कानात मुरलेला असताना हा शुद्ध निषाद येतो, षड्जाकडे ढकलतो आणि फेरी पुन्हा सुरू होते. नवव्या-दहाव्या बारपाशी पोटात काहीतरी हलतं ना, त्याचं कारण हे आहे. नेहमीच्या ब्लूजमध्ये त्या जागी पंचमावरून मध्यमावर उतरतात. इथे कोमल धैवतावरून पंचमावर येतात, आणि सगळी फेरी मायनर आहे. त्यामुळे गाण्याचा रंग इतर ब्लूजपेक्षा गडद झाला आहे.

हे न चुकता मोजता येईपर्यंत पुढे जाऊ नका. पुढचं सगळं या बारा बारांच्या आधाराने चालतं.

पायरी ४: आवाज आणि गिटार यांची पाळी ओळखा

किंग एकाच वेळी गात आणि वाजवत नसे. त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे की दोन्ही एकत्र आपल्याला जमत नाही. कॉर्ड धरून साथ करणं हेही त्याचं काम नव्हतं; ते बाकीचे करायचे. तो ओळ गातो, थांबतो, मग गिटार उत्तर देते. बारा बारांचे चार-चारचे तीन तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात साधारण पहिले दोन बार गळ्याचे, उरलेले दोन बार गिटारचे. गळा पहिली ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या तुकड्यात निष्कर्ष येतो.

आता फक्त गिटारच्या त्या जागा ऐका. किती कमी सूर आहेत बघा. कुठे तीन, कुठे पाच, कधी एकच सूर आणि त्याला दिलेला कंप. हा कंप किंगची सही होती. तो बोट तारेवर टेकवून बाकीचा हात गिटारच्या मानेपासून सोडायचा आणि मनगटापासून हलवायचा, फुलपाखराच्या पंखासारखा. नात्यातला बुका व्हाइट हा जुना मिसिसिपी गायक गिटारवर धातूची नळी सरकवून जो थरथरता आवाज काढायचा, तो आपल्याला नळीने जमेना म्हणून बोटाने काढायला गेलो आणि हा कंप हाती लागला, असं किंग सांगत असे.

दुसरी गोष्ट बेंड. तार पडद्यावर दाबून आडवी ओढायची, म्हणजे सूर वर चढतो. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच कळतं, तत्त्व तेच आहे. किंग सूर कुठपर्यंत ओढतो आणि कुठे जाणूनबुजून किंचित खाली ठेवतो, याकडे कान द्या. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जी जागा पेटीवर नाही, तिथे ब्लूजचा बराचसा मुक्काम असतो.

आणि सूर कोणते? बहुतेक काम पाच सुरांत चालतं: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. हे धानी रागाचे सूर आहेत. चलन सर्वस्वी वेगळं आहे, धानी शोधायला जाऊ नका. पण हे सूर गळ्यात असतील तर किंगच्या वाक्यांबरोबर गुणगुणणं तुम्हाला सोपं जाईल. गुणगुणाच. गिटार येत नसणाऱ्यांनाही ही माझी आग्रहाची सूचना आहे, कारण त्याची वाक्यं मुळात गाता येण्याजोगीच आहेत.

पायरी ५: मागे काय चाललंय ते ऐका

हा भाग लोक वगळतात. स्टुडिओतली मंडळी किंगच्या रोजच्या वाद्यवृंदातली नव्हती. निर्माता बिल सिम्झिक याने न्यूयॉर्कचे सत्र-वादक, म्हणजे रेकॉर्डिंगपुरते बोलावले जाणारे वादक, आणले होते: बासवर जेरी जेमॉट, ड्रमवर हर्बी लव्हेल, इलेक्ट्रिक पियानोवर पॉल हॅरिस, दुसऱ्या गिटारवर ह्यू मॅक्रॅकन. जून १९६९. सिम्झिक तेव्हा तरुण होता. पुढे ईगल्स या रॉक बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्यानेच केलं. आपल्या गाण्याआधी त्याने किंगचा ‘लाइव्ह अँड वेल’ हा अल्बम केला होता, ज्याची एक बाजू क्लबमध्ये थेट रेकॉर्ड केलेली आणि दुसरी स्टुडिओतली. म्हणजे लाइव्ह आणि स्टुडिओ या दोन जगांचा प्रश्न त्यांच्यासमोर आधीपासून होता.

एक संपूर्ण ऐकणं जेमॉटच्या बासला द्या. तो गिटारच्या पायात येत नाही, पण स्वतःचं एक स्वतंत्र गाणं खालून गात असतो.

मग व्हायोलिन आणि चेलो. वादन रेकॉर्ड करून झाल्यावर सिम्झिकला वाटलं की इथे तंतुवाद्यं हवीत. त्याने किंगला विचारलं, किंगने होकार दिला, आणि बर्ट डीकोटोने ती योजली. ब्लूजच्या रेकॉर्डवर व्हायोलिनचा ताफा ही त्या काळी काही जणांना न रुचणारी गोष्ट होती आणि आजही काही कट्टर मंडळी नाक मुरडतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. गायन संपल्यावरचा लांब शेवट ऐका: किंगची गिटार फेऱ्यामागून फेऱ्या बोलत राहते आणि तंतुवाद्यं तिच्या मागे जमत जातात. तिथे ती शोभेसाठी नाहीत. गायकाने शेवटची ओळ म्हणून विषय संपवला आहे, पण मन काही सुटलेलं नाही, हे गिटार आणि तंतुवाद्यं मिळून सांगतात. गाणं थांबत नाही, विरत जातं. हे विरणं फक्त स्टुडिओत शक्य असतं. मंचावर कुणाला तरी शेवटचा ठोका द्यावाच लागतो. मंचावरच्या आवृत्त्या ऐकताना ही गोष्ट पुन्हा आठवा.

रेकॉर्ड डिसेंबर १९६९ मध्ये आली. १९७० साली अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढली आणि आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीताच्या, यादीत तिसऱ्यापर्यंत. किंगला या गाण्यासाठी गायनाचं ग्रॅमी मिळालं. तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकलेला होता आणि वीस वर्षं रस्त्यावर होता. एकट्या १९५६ सालात त्याने ३४२ कार्यक्रम केले होते. त्याचा श्रोता तोवर मुख्यतः कृष्णवर्णीय होता. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याला रडू आलं. १९६९ च्या शेवटी रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात त्यांच्याआधी तो वाजवत होता. नेमक्या या वळणावर हे गाणं आलं.

पायरी ६: १९५१ ची रेकॉर्ड

‘मूळ’ असा शब्द वापरण्याआधी हे ऐका. गाणं किंगचं नव्हे. रॉय हॉकिन्स आणि रिक डार्नेल यांच्या नावावर ते आहे, आणि कॅलिफोर्नियाचा पियानोवादक-गायक हॉकिन्स याने ते १९५१ मध्ये मॉडर्न कंपनीसाठी रेकॉर्ड केलं होतं. तेव्हाही ते आर अँड बीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. किंग त्या काळात मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर रेकॉर्डी लावायचा. गाणं त्याच्या मनात तेव्हापासून होतं. त्याने ते अनेकदा करून पाहिलं, मनासारखं होत नव्हतं.

एकदाच ऐका, पण नीट ऐका. मग १९६९ ची रेकॉर्डही एक आवृत्तीच आहे हे लक्षात येतं, आणि ‘लाइव्ह आवृत्ती मूळ गाण्यापासून भरकटली आहे’ असली तक्रार मनात येत नाही. माझं सांगणं एवढंच की या गाण्याला एकच खरं रूप आहे असं धरून चाललात, तर पुढच्या पायऱ्यांत निराशाच पदरी येईल.

पायरी ७: कुक काउंटी तुरुंग

आता मंचावर. सगळ्यात आधी ‘लाइव्ह इन कुक काउंटी जेल’. शिकागोच्या या तुरुंगात १० सप्टेंबर १९७० रोजी किंगने दोन हजारांहून जास्त कैद्यांसमोर कार्यक्रम केला. तुरुंगप्रमुख विन्स्टन मूर यांनी त्याला बोलावलं होतं. रेकॉर्ड १९७१ मध्ये निघाली आणि आर अँड बी अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

थेट गाण्यावर उडी मारू नका. अल्बम सुरुवातीपासून लावा. सुरुवातीला पाहुण्यांची ओळख करून दिली जाते. शेरिफ आणि न्यायाधीशांची नावं येताच कैदी हुर्यो उडवतात. हा श्रोता कोण आहे, हे त्या अर्ध्या मिनिटात समजतं. मग किंग त्यांना जिंकत जातो, जुनी गाणी काढतो, ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’सारखी. ‘द थ्रिल इज गॉन’ येतं ते शेवटून दुसरं. तोपर्यंत वातावरण तापलेलं आहे, आणि गाणं तर त्या वर्षीचं सगळ्यात ताजं, रेडिओवर गाजलेलं.

काय ऐकायचं? तंतुवाद्यं नाहीत. त्यांच्या जागी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आहेत, किंगचा रोजचा फिरतीवरचा वाद्यवृंद आहे, ड्रमवर सनी फ्रीमन. स्टुडिओत जे धुक्यासारखं मागे पसरलेलं होतं, ते इथे ठोक्याठोक्याने समोरून येतं. ब्रास वाद्यं लांब सूर धरण्यापेक्षा छोटे धक्के देतात. परिणामी तीच फेरी जास्त टणक वाटते. किंगचा आवाजही स्टुडिओपेक्षा मोकळा, खरखरीत. बारा बार मोजा: सांगाडा जसाच्या तसा आहे. गिटारची सुरुवात ओळखीची आहे. पण गायनाच्या मधल्या जागांत तो जे बोलतो ते वेगळं आहे.

आपल्याकडे नाट्यसंगीत ज्यांनी दोन्हीकडे ऐकलं त्यांना हे सांगावं लागणार नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत बसवलेलं पद आणि वन्स मोअर घेत रंगमंचावर वाढत गेलेलं तेच पद, यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं असं कुणी म्हणत नसे.

‘हे गाणं तुरुंगात’ हा मुद्दाही सोडू नका. मी आता मोकळा आहे, ही शेवटच्या कडव्यातली ओळ कुलपाआड बसलेल्या माणसांसमोर गायली जाते. किंगने त्यावर मुद्दाम जोर दिला असं मी म्हणणार नाही, पण ऐकणाऱ्यांना ती कशी ऐकू आली असेल, याचा विचार मनात येतोच. त्या कार्यक्रमानंतर किंग तुरुंगांत वाजवत राहिला, आणि १९७२ मध्ये वकील एफ. ली बेली यांच्याबरोबर कैद्यांच्या पुनर्वसनासाठी त्याने संस्था उभी केली. १९९० चा ‘लाइव्ह अ‍ॅट सॅन क्वेंटिन’ हाही तुरुंगातलाच अल्बम, आणि हे गाणं त्यातही आहे. दोन तुरुंग, मध्ये वीस वर्षं: हवं तर ही जोडी लागोपाठ ऐका.

पायरी ८: टोकियो आणि किन्शासा

‘लाइव्ह इन जपान’ मार्च १९७१ मध्ये टोकियोच्या सांकेई सभागृहात रेकॉर्ड झाला. तुरुंगानंतर अवघ्या सहा महिन्यांनी. एवढ्या कमी अंतराने केलेली दोन रेकॉर्डिंग मिळणं ही अभ्यासाची मोठी सोय आहे. वय तेच, हात तेच, म्हणून जो फरक कानाला लागतो तो त्या रात्रीचा आणि त्या श्रोत्यांचा असतो. दोन्हीकडची गिटारची सुरुवात एकापाठोपाठ लावा आणि कोणतं वाक्य तसंच राहिलं, कोणतं बदललं ते वहीत लिहा.

किन्शासाची आवृत्ती मात्र बघायची आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये तेव्हाच्या झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, तीन दिवसांचा संगीतमहोत्सव झाला. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या बॉक्सिंगच्या लढतीला जोडून तो ठरला होता, पण सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली, लढत ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पुढे गेली आणि गाणी आधी झाली. त्या महोत्सवाचं चित्रीकरण ‘सोल पॉवर’ या माहितीपटात आहे. त्यात किंगचा डावा हात बघा. पायरी ४ मध्ये सांगितलेला कंप इथे डोळ्यांना दिसतो. आणि चेहरा: गिटार उंच सुरावर गेली की ओठ, भुवया, डोळे सगळे त्या सुराबरोबर चढतात. गाताना आणि वाजवताना चेहऱ्यात फरक पडत नाही, कारण त्याच्यासाठी दोन्ही बोलणंच होतं.

पायरी ९: उत्तरार्धातलं गाणं

ऐंशी-नव्वदच्या दशकांत गाणं बदललं. अनेक कार्यक्रमांत लय चढी आहे, ताल नाचरा आहे, ब्रास जास्त पुढे आहे. १९९० साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये मोठ्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर केलेला कार्यक्रम अल्बमरूपात मिळतो. त्यातलं भरगच्च रूप एकदा ऐकावं. माझं मत विचाराल तर चढ्या लयीत गाण्याचा गडदपणा उणावतो, आणि मी पुन्हा सत्तरच्या दशकाकडेच वळतो. पण रोज रात्री तेच दुःख त्याच लयीत गाणाऱ्या माणसाने ते थोडं हलकं करून घेतलं असेल, तर त्यात मला खटकण्यासारखं काही वाटत नाही.

शेवटची आवृत्ती म्हणून २६ जून २०१० चा क्रॉसरोड्स महोत्सव घ्या. शिकागोजवळ ब्रिजव्ह्यूला. किंग खुर्चीत मध्ये बसला आहे, आजूबाजूला एरिक क्लॅप्टन, रॉबर्ट क्रे, जिमी व्हॉन. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. सूर आणखी कमी झाले आहेत. बाकीचे तिघे त्याच्या वाक्यानंतर जागा सोडून थांबतात, हे नीट पाहा. चार गिटारी मंचावर असताना कुणीही कुणावर चढत नाही. ब्लूजमधली शिस्त यापेक्षा चांगली दाखवता येणार नाही.

एक तांत्रिक बाब इथेच सांगतो. किंगच्या गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी नाचघराला आग लागली. गिटार आणायला तो परत आत धावला. नंतर कळलं की आग लागली ती ल्युसिल नावाच्या बाईवरून झालेल्या दोघांच्या मारामारीत रॉकेलचं पिंप कलंडून. पुन्हा असला मूर्खपणा करायचा नाही याची आठवण म्हणून पुढच्या सगळ्या गिटारी ल्युसिल झाल्या. त्या बहुतेक गिब्सनच्या अर्ध-पोकळ जातीच्या. अशा गिटारीच्या अंगावर छिद्रं असतात आणि मोठ्या आवाजात मंचावर त्यांतून शिट्टीसारखा घोंगाट उठतो. १९८० मध्ये गिब्सनने किंगच्या नावाची गिटार काढली, तिला ही छिद्रं ठेवली नाहीत. नंतरच्या चित्रफितींत गिटारचा पुढचा भाग सपाट, बिनछिद्राचा दिसतो तो म्हणून.

पायरी १०: तुलनेची वही

प्रत्येक आवृत्तीसाठी एक पान. वर वर्ष आणि ठिकाण. खाली फक्त याच गोष्टी: लय चढी की उतरी, तंतुवाद्यं, ब्रास की दोन्ही नाही, गायन सुरू होण्याआधी गिटारच्या किती फेऱ्या, श्रोते कुठे ओरडतात, आणि गाणं संपतं कसं. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त शिकवतो. स्टुडिओत गाणं विरतं, मंचावर ते कुठेतरी उतरवावं लागतं, आणि ते उतरवण्याचे मार्ग दर वेळी निराळे असतात. ‘चांगलं-वाईट’ असा रकाना सुरुवातीला ठेवू नका.

पायरी ११: गिटार हातात असेल तर

कॉर्ड कठीण नाहीत. बी मायनर सेव्हन दुसऱ्या पडद्यावर, पाचव्या तारेच्या आधाराने. ई मायनर सेव्हन मोकळ्या तारांवर. जी मेजर सेव्हन तिसऱ्या पडद्यापाशी. एफ शार्प सेव्हन दुसऱ्या पडद्यावर, सहाव्या तारेच्या आधाराने. नव्वदच्या लयीवर मेट्रोनोम, म्हणजे लय दाखवणारं टिकटिक यंत्र, लावा आणि बारा बारांची फेरी न थांबता दहा मिनिटं वाजवा. आधी साठवर, मग चढवत.

सोलोसाठी दोन जागा. सहाव्या तारेच्या सातव्या पडद्यावर षड्ज आहे, तिथून पाच सुरांची नेहमीची चौकट. दुसरी जागा किंगची आवडती: दुसऱ्या तारेच्या बाराव्या पडद्यावर षड्ज पहिल्या बोटाखाली ठेवायचा आणि त्याच्या आसपासच्या वरच्या दोन-तीन तारांवरच फिरायचं. इथे सूर थोडे आणि ओढायला जागा भरपूर. ओढताना एकच बोट वापरू नका. तिसऱ्या बोटाच्या मागे दुसरं आणि पहिलं लावा. आधी वरचा सूर साधा वाजवून कानात घ्या, मग खालच्या पडद्यावरून तार ओढून तिथे पोचा. बेसूर बेंड हा नवख्या ब्लूजचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो फक्त सावकाश वाजवून जातो.

मग गाण्याची पाळी पाळा. दोन बार गुणगुणा, गिटार बंद. पुढचे दोन बार गिटार, तोंड बंद. एका उत्तरात पाचपेक्षा जास्त सूर नकोत. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे गिटार आवाजाला श्वास घेऊ देत नाही तिथे वहीत खूण करा.

मुंबईत असाल तर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आला आहे. किंगचाच समकालीन म्हणावा असा बडी गाय तिथे येऊन वाजवून गेला आहे. असा कार्यक्रम मिळाला तर मंचाच्या कडेला, बास आणि ड्रमवाल्यांचे हात दिसतील अशा ठिकाणी उभे राहा. मधोमध उभं राहिलात तर सगळं लक्ष गिटारवाल्याकडे जातं, आणि गाणं आज कुठल्या लयीत जायचं हे बहुतेक वेळा मागे ठरत असतं.